शिंपी गल्लीचं झाकण

"खड्ड्यात माणूस असेल तेव्हा चावी कुठे?" मी विचारलं.

"वर काढून, जमिनीवर आडवी. खालच्याला दिसेल अशी," अजिनाथ म्हणाला.

"का?"

"चावी लागलेली राहिली आणि कुणी फिरवली, तर खालचा बुडतो."

"आणि?"

"आणि काय मामा? बुडाल्यावर आणखी काय व्हायचं राहतं?"

मी हसलो नाही. तो त्याचा एकतिसावा दिवस होता. नऊ दिवस उरले होते आणि माझ्या वहीत त्याच्या नावापुढे दोन वाईट शेरे होते. तिसरा पडला की तो तुरुंगात जाणार होता. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होतो. गावात आम्हाला चावीवाले म्हणतात. चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी सळई. वर आडवा दांडा, खाली खोबण. रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडायचं, खोबण व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि दांडा फिरवायचा. खाली उतरावं लागत नाही. सव्वीस वर्षं मी या गावाला असं उभ्या उभ्या पाणी सोडलं. माझी बायको सिंधू म्हणायची, "गावभर पाणी सोडता, आणि घरातला माठ मीच भरायचा."

सिंधू नऊ महिन्यांपूर्वी गेली होती. शिंपी गल्लीच्या कोपऱ्यावर चेंबरचं झाकण नव्हतं. सकाळची वेळ, ती मावसबहिणीकडे निघाली होती, खड्ड्यात पडली. डोकं व्हॉल्व्हवर आपटलं. दोन दिवस दवाखान्यात होती. बोलली नाही.

त्या महिन्यात गावातली चार झाकणं चोरीला गेली होती. शिंपी गल्लीचं पाचवं. दहा दिवसांनी पोलिसांनी अजिनाथ गर्जेला हातगाडीसकट पकडलं. तो भंगार गोळा करायचा. गाडीत गोणपाटाखाली बिडाचं एक झाकण होतं, बाजारपेठेतलं. ते त्याने कबूल केलं. बाकीची चार माझी नाहीत म्हणाला. मार खाल्ला तरी नाही म्हणाला.

मी आता निवृत्त आहे, पण तेव्हा नोकरीत होतो आणि समाजसेवेच्या शिक्षेचा कायदा नवा होता. पहिलाच गुन्हा, माल छोटा आणि परत मिळालेला, म्हणून कोर्टाने त्याला तुरुंगात न पाठवता चाळीस दिवसांची समाजसेवा लावली. रोज चार तास, नगरपालिकेच्या पाणी खात्यात, बिनपगारी. ज्याची झाकणं चोरली त्याच खात्याची सेवा, असा जजसाहेबांचा विचार असावा. आमच्या सुपरवायझरने मला बाजूला घेऊन विचारलं, "भिंगारदिवे, तुला नको असेल तर दुसऱ्या चावीवाल्याकडे, गफूरकडे देतो."

"माझ्याकडेच द्या," मी म्हणालो.

त्याच्यावर देखरेख ठेवायला प्रोबेशन ऑफिसर पारखे मॅडम होत्या. तीन तालुके त्यांच्याकडे, स्कूटीवर फिरायच्या. त्यांनी मला वही आखून दिली. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, शेरा, सही.

"काका, शेरा विचार करून लिहा. तीनदा असमाधानकारक आलं, तर मला कोर्टाला कळवावं लागेल. मग माझ्या हातात काही राहत नाही," त्या म्हणाल्या. सिंधूचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी अजिनाथ माझ्यासमोर आला तेव्हा त्याला मात्र सगळं माहीत होतं. चाळिशीचा माणूस, बारीक, दाढी वाढलेली. खाली बघत म्हणाला, "मामा, मामींचं वाईट झालं. पण ते झाकण..."

"तिला मामी म्हणायचं नाही," मी म्हणालो.

त्यानंतर तो तिच्याबद्दल बोलला नाही. बाकी मात्र तोंड बंद नसायचं. मी गाळ काढायला लावला, टाकीच्या पायऱ्या घासायला लावल्या, चावी खांद्यावर घेऊन गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावलं. सायकल असून चालायला लावलं. रस्त्यावर लोक ओरडायचे, "काय रे झाकणचोर, आता चावीच पळवली का?"

"पळवली असती, पण भंगारवाला म्हणाला, हिच्याबरोबर भिंगारदिवे मामा फुकट येतात, ते नकोत!"

लोक हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा.

पहिला वाईट शेरा बाराव्या दिवशी लिहिला. तो दहा मिनिटं उशिरा आला होता. मी लिहिलं, 'उशिरा आला. उद्धट वर्तन.' त्याला सावकाश का होईना, वाचता येत होतं.

"मामा, उद्धट म्हणजे काय?"

"तू."

"मी काही बोललोच नाही."

"आता बोलतोयस ना?"

दुसरा शेरा एकविसाव्या दिवशी. 'काम टाळतो.' त्या दिवशी त्याने तीन चेंबरचा गाळ एकट्याने काढला होता. त्याने वही वाचली. जाताना म्हणाला, "मामा, तुम्हाला काय पाहिजे ते तरी सांगा."

"शिंपी गल्लीचं झाकण कुठे विकलंस ते सांग."

"नेलंच नाही तर काय सांगू?"

"मग नको सांगू. वही आहे."

"आणि हो म्हटलं तर? बाई मेलीय त्यात. नवी केस लावतील. मग चाळीस दिवस नाही, वर्षांवर जाईल." तो माझ्याकडे बघत राहिला. "मामा, तुमच्यापेक्षा जज बरा. तो एकदाच विचारून गप्प बसला."

असे आणखी नऊ दिवस गेले. रोज मी शेऱ्याची जागा रिकामी ठेवायचो आणि तो जायच्या वेळी तिथे बघायचा. मग मी 'ठीक' लिहायचो. मला घाई नव्हती.

एकतिसाव्या दिवशी शिंपी गल्लीतून तक्रार आली. पाणी गढूळ येतंय आणि चेंबरमधून गळतंय. तिथली चावी नऊ महिने गफूरभाई फिरवायचे. मी त्या कोपऱ्यावरून जायचंही टाळत होतो. पण गफूरभाई मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. अकरा वाजता पारखे मॅडम तपासणीला येणार होत्या. मी ठरवलं, त्याला तिथेच उतरवायचं. तिथे बोलेल. नाहीच बोलला तर अकरा वाजता वहीत तिसरा शेरा असेल.

चेंबरवर आता शहाबादी फरशी टाकलेली होती. दोघांनी ती सरकवली. खाली माझ्या उंचीएवढा खड्डा. अर्ध्यात व्हॉल्व्ह आणि त्याच्या खाली काळा गाळ. व्हॉल्व्ह बंद होता. त्याच्या पुढचा जोड गळत होता. जोड खोलायचा, आतलं रबर बदलायचं आणि परत आवळायचा, एवढं काम. पण त्याआधी गाळ काढावा लागणार होता. जोड निम्मा गाळात होता.

अजिनाथ चपला काढून, पहार घेऊन खाली उतरला. मी दोराने बादली सोडली. त्याने भरायची, मी ओढायची. सात-आठ बादल्या झाल्या. जोड मोकळा झाला. त्याने पाना लावून बोल्ट सैल केले, जुनं रबर काढलं. उरलेलं थोडं पाणी आलं आणि थांबलं. पाइपाचं तोंड उघडं पडलं. आता टाकीतलं पाणी आणि तो यांच्यामध्ये फक्त तो एक व्हॉल्व्ह होता.

"अजून थोडा गाळ काढतो मामा, नाहीतर नव्या रबरात घाण जाईल," तो म्हणाला.

पुढची बादली मी वर ओढली आणि रस्त्यावर पालथी केली. गाळात एक चप्पल होती.

सिंधूला दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसऱ्या चपलेचा अंगठा तुटल्यावर मीच तो चौकातल्या चांभाराकडून शिवून आणला होता, काळ्या चपलेला तपकिरी दोऱ्याने. गाळ पुसल्यावर तो दोरा दिसला.

मी चप्पल बाजूला ठेवली. चावी उचलली आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली.

लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज खाली जास्त मोठा येतो. अजिनाथने वर बघितलं.

"मामा, चावी काढा."

"झाकण कुठे विकलंस?"

"मामा, जोड उघडा आहे. चावी काढा."

"सांग."

तो उभा राहिला. हात वर करून कडेला धरायला गेला. मी पाय पुढे टाकला, त्याची बोटं मागे गेली. गल्लीत कुणी नव्हतं. दुपारच्या आधीची वेळ, बाया घरात, दुकानं पुढच्या रस्त्याला. मी दांडा दोन्ही हातांनी धरला. थोडासा दाबला. फिरवला नाही. पण त्या व्हॉल्व्हला फिरण्याआधी कुरकुरायची सवय होती, आणि तो कुरकुरला.

"मामा! अहो मामा, पोरीची शपथ..."

"पोरीचं नाव घेऊ नको. झाकणाचं बोल."

मी पुढे काय करणार होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही मी कुणाला खात्रीने सांगू शकत नाही.

"नेलं," तो म्हणाला. "मीच नेलं. काढा चावी."

"कधी?"

"सकाळी. अंधार असताना."

"कुणाला विकलं?"

"बायपासच्या भंगारवाल्याला. सगळं सांगतो, मॅडमपुढे सांगतो, सही देतो. आधी चावी काढा."

"एकट्याने उचललं?"

"नाही, म्हणजे हो. उचललं नाही, घरंगळत नेलं."

"घरंगळत?"

"मग काय मामा, एवढं मोठं गोल झाकण एकट्याला कुठे उचलतंय? उभं केलं आणि चाकासारखं नेलं गाडीपर्यंत. सगळी तशीच नेतात."

गोल.

शिंपी गल्लीचं झाकण गोल नव्हतं. चौकोनी होतं.

गावातली सगळी झाकणं गोल. त्या कोपऱ्यावरचंही आधी गोलच होतं. सिंधू जाण्याच्या दोन महिने आधी विटांचा ट्रक त्यावरून गेला आणि ते फुटलं. नवीन मागितलं तर कार्यालयात म्हणाले, मंजुरी आल्यावर. उघडं किती दिवस ठेवणार? जुन्या टाकीमागे एक बंद पडलेलं चेंबर होतं, त्याचं चौकोनी झाकण मी आणलं. गवंडी बोलावून तोंड चौकोनी बांधून घेतलं. झाकण थोडं लहान पडत होतं. एका कोपऱ्याखाली मी दगडाची कपची ठोकली आणि ते बसलं. आमच्या कामात असं चालतं. इकडचं तिकडे लावायचं आणि पाणी चालू ठेवायचं.

फिर्याद मीच लिहून दिली होती. 'बिडाचे झाकण, नग एक.' गोल की चौकोनी हे कुणी विचारलं नाही आणि मीही लिहिलं नाही.

मी चावी काढली. जमिनीवर आडवी ठेवली, त्याला दिसेल अशी. मग खाली बसलो.

"मामा?" खालून आवाज आला. "मॅडमना सांगणार का?"

"तू नेलं नाहीस," मी म्हणालो.

"मी तेच सांगत होतो की महिनाभर!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण आता हो म्हटलंय ना. तुम्ही ते धरून बसू नका."

"नाही धरत. ये वर."

"येतो. रबर टाकून येतो, नाहीतर परत उतरायला लावाल."

एवढं झाल्यावर तो माणूस परत वाकून गाळ उपसू लागला. मी त्याच्याकडे बघत होतो. एकच विचार होता. याने नेलं नाही. दुसऱ्या कुणी नेलं असेल? त्याच वेळी त्याची पहार खाली कशावर तरी वाजली. दगडाचा आवाज नव्हता तो.

"मामा, इथे लोखंड आहे." त्याने हाताने चाचपलं. "सपाट आहे. हा एक कोपरा लागला. हा दुसरा. अरे, झाकणच आहे की! चौकोनी."

"चौकोनी झाकण कुणी शहाण्याने बसवलं इथे?" तो खालूनच बोलत होता. भीती गेल्यामुळे त्याला बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. "मामा, आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. गोल झाकण कसंही फिरवा, स्वतःच्या भोकातून आत पडत नाही. चौकोनी तिरकं झालं की सरळ आत. त्यात ते ढिलं असेल, कोपऱ्यावर पाय पडला की उलटलंच समजा. आधी झाकण आत, मागून मा..."

तो थांबला. वर बघितलं. चेंबरचं चौकोनी तोंड त्याला खालून नीट दिसत असणार. माझं बांधकाम. त्या चौकटीत मी.

"मामा," तो हळू म्हणाला. "तुम्ही?"

त्या दिवशी चेंबरमध्ये गुडघाभर पाणी होतं. लोकांनी सिंधूला वर काढलं आणि रिक्षात घातलं. वर झाकण नाही, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. खाली कुणी हात घातला नाही. मीही नाही.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटीचा आवाज आला आणि बंद झाला. पारखे मॅडम गाडी सावलीत लावत होत्या.

अजिनाथने आवाज ओळखला. तो भराभर बोलू लागला. "मामा, ऐका. कुणी बघितलं नाही. मी झाकणावर परत गाळ ओढतो. रबर टाकून बोल्ट आवळतो, तुम्ही फरशी सरकवा. संपलं. मी कुणाला बोलणार नाही. माझे नऊ दिवस नीट जाऊ द्या, बस. तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी."

त्याने खरंच हाताने गाळ ओढायला सुरुवात केली होती.

ते दोन शेरे मी लिहिलेले होते. तिसऱ्याची जागा रिकामी होती. गावाला चोर माहीत होता. सिंधूच्या भावाला माहीत होता, माझ्या मुलीला माहीत होता. ती सासरहून फोनवर अजून त्याला शिव्या द्यायची. फरशी हातभर अंतरावर होती.

मॅडमच्या चपला वाजू लागल्या.

"दोर बांध त्याला," मी म्हणालो.

"कशाला?"

"झाकणाला. वर घेऊ."

"मामा, डोकं ठिकाणावर आहे का? नोकरी जाईल. पोलीस येतील. सासुरवाडीचे येतील."

"बांध म्हटलं ना."

त्याने दोर बांधला. मी वरून ओढलं, त्याने खालून खांदा दिला. झाकण तोंडाशी येऊन अडकलं, मग त्याने ते तिरकं केलं आणि ते सहज बाहेर आलं. इतकं सहज की मी मागे पडलो.

"काका, लागलं का?" मॅडम धावत आल्या. झाकण, चप्पल, गाळाचा ढीग आणि खड्ड्यातून वर आलेलं अजिनाथचं डोकं, सगळ्यांकडे त्यांनी एकदा बघितलं. "हे काय आहे?"

मी उठलो. सायकलच्या पिशवीतून वही काढून त्यांच्या हातात दिली. "आधी हे. बाराव्या आणि एकविसाव्या दिवसाचे शेरे खोटे आहेत. हा रोज वेळेवर आला. एकदा दहा मिनिटं उशीर झाला, तेवढंच. कामात कधी कसूर नाही. मी तसं लिहून देतो. आणि आज मी याला खाली ठेवून चावी लावली होती. तेही लिहितो."

"काका, तुम्ही काय बोलताय?"

"मामांना ऊन लागलंय मॅडम," अजिनाथ खड्ड्यातून म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हणालो.

मॅडम झाकणापाशी वाकल्या. कुणीतरी त्यांना एव्हाना सिंधूचं सांगितलं असावं, कारण चपलेकडे बघून त्यांचा आवाज बदलला. "हे इथलंच ना? चोरीला गेलं म्हणत होते ते?"

"हो."

"आतच होतं?"

"हो."

"कुणी बसवलं होतं?"

अजिनाथने माझ्याकडे बघितलं.

"मी," मी म्हणालो. "ती जाण्याच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाली होती, अहो, शिंपी गल्लीचं झाकण पायाखाली खडखडतं, एकदा बघा की. मी जेवत होतो. मी म्हणालो, काही होत नाही त्याला, मी बसवलंय."